नरेश प्यायला नव्हता

नरेश शेवटचा माझ्याकडे आला तो एका रविवारी दुपारी. खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटमधला बेसिनचा नळ महिनाभर ठिबकत होता आणि प्लंबर 'आज येतो, उद्या येतो' करत होता. फोनवर मी सहज बोलून गेले, तर हा पाना आणि वायसर खिशात घालून हजर. दहा मिनिटांत नळ बंद झाला. मग जेवायला बसलो. त्याच्यासाठी वरण-भात, दुधीची भाजी, वर तुपाचा थेंब नाही. सवयीने मी तळलेल्या पापडांची ताटली मध्ये ठेवली आणि चूक लक्षात येताच पटकन उचलली. तो हसला. "राहू दे गं ताई, बघायला काय बंदी आहे?" जाताना त्याने माझ्या स्कूटरची हवा तपासली, मागच्या चाकात कमी आहे म्हणाला आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी वनिताचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, यांना परत सुरू झालंय. या वेळचं दुखणं वेगळं वाटतंय मला…" त्यानंतर एकोणीस दिवस तो अतिदक्षता विभागात होता. एका मंगळवारी दुपारी तो गेला. माझा धाकटा भाऊ, वय एकोणचाळीस.

आता सव्वा महिना उलटून गेला आहे. मी लिहिणारी बाई नाही, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते एवढंच. पण बेलापूरच्या खाडीकाठच्या आमच्या गावात अजूनही काही माणसं मान हलवून म्हणतात, 'बापासारखाच गेला.' तो बापासारखा गेला नाही. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, आणि ते मीच लिहायला हवं, कारण एके काळी मीही तसंच समजत होते.

आमचे बाबा पिऊन गेले. आम्ही आगरी, भातशेती करणारी माणसं. जमीन नव्या शहरासाठी गेली आणि बाबांच्या हाताला कामच उरलं नाही. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे, दुपारनंतर दिसेनासे व्हायचे. संध्याकाळी त्यांना शोधून आणायचं काम आम्हा दोघांचं. मी नरेशहून पाच वर्षांनी मोठी, पण बाबांच्या काखेत खांदा देऊन त्यांना उभं करायचा तो नरेशच. घरी आणल्यावर आई विचारायची, "पिलास?" बाबा म्हणायचे, "नाय." रोज हाच प्रश्न, रोज हेच उत्तर. नरेश चौदा वर्षांचा असताना बाबा गेले. नंतर काही दिवसांनी तो मला म्हणाला, "ताई, मी कधी हात लावणार नाही." मी म्हटलं, "बरं." त्या वयात सगळीच मुलं असं म्हणतात, असं मला वाटलं होतं.

त्या वयात त्याचं पोटही दुखायचं. दर दोन-चार महिन्यांनी एकदा. गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून तो भिंतीच्या कोपऱ्यात बसायचा. दुखणं पोटातून पाठीत जातं असं सांगायचा. आई ओवा चावायला द्यायची, मीठ-मोहऱ्या उतरवून टाकायची. गावातले डॉक्टर जंताचं औषध द्यायचे. दोन दिवसांत तो उठून खेळायला जायचा आणि आम्ही विसरून जायचो. शाळा चुकवायची म्हणून दुखण्याचं सोंग करतोय, असं मी त्याला एकदा चिडवलंही होतं.

मोठा झाल्यावर त्याला गाडीचं वेड लागलं. आधी टेम्पो, मग एका शाळेची बस. आमच्याकडे लग्नाची हळद म्हणजे काय असतं ते नवी मुंबईत कुणाला सांगायला नको. गाणी, नाच, मटण आणि दारू. नरेश प्रत्येक हळदीला जायचा. न पिणारा तो एकटाच असायचा, म्हणून सगळे आपापल्या गाडीच्या चाव्या त्याच्याकडे द्यायचे. एकेकाला घरी सोडून, दाराची कडी वाजवून, बायकोच्या ताब्यात देऊन तो यायचा. ज्यांना त्याने असं पोचवलं, त्यातल्याच काहींनी पुढे म्हटलं, 'आमच्याबरोबरच तर असायचा की तो.'

बस चालवताना मी त्याला फक्त दोनदा पाहिलं. घरी घोळक्यात कधी तोंड न उघडणारा माझा भाऊ तिथे वेगळाच होता. कुठलं पोर कुठल्या थांब्यावर चढतं, कोणाला खिडकीजवळ बसलं की मळमळतं, कोणाची आजी घ्यायला येते आणि कोणाचा शेजारी, हे त्याला तोंडपाठ. ओळखीचं माणूस थांब्यावर नसेल तर तो पोराला खाली उतरूच देत नसे. "मागे हॉर्न वाजवतात ना," तो सांगायचा, "वाजवू देत. माझी गाडी त्यांच्यासाठी नाय."

त्याच बसमध्ये एका सकाळी त्याला कळ आली. एकतीस वर्षांचा होता तेव्हा. त्याने बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी काढून बसमधल्या मदतनीस बाईंच्या हातात दिली, शाळेत फोन करायला सांगितला आणि मग स्टेअरिंगवर पुढे वाकून पडला. पुढे वाकल्यावर त्याला थोडं बरं वाटायचं, लहानपणापासून. थांब्यावरच्या कोणा पालकाने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. स्टेअरिंगवर डोकं टेकलेला, घामाने निथळणारा, हाक मारली तर नीट बोलता न येणारा ड्रायव्हर… तो रुग्णालयात पोचायच्या आधी व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर पोचला होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'सकाळी आठ वाजता ही हालत.'

रुग्णालयात रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. स्वादुपिंडाला सूज आहे म्हणाले. पोटाच्या मागच्या बाजूला, जठराच्या आड लपलेला तो अवयव. अन्न पचवणारा रस तिथे तयार होतो. त्या रसाची वाट अडली की तो आपल्याच स्वादुपिंडाला जाळायला लागतो. पित्ताचे खडे नव्हते. मग राहिलं दुसरं नेहमीचं कारण. डॉक्टरांनी विचारलं, "किती पिता?" पिता का, असं नाही, किती पिता. नरेश म्हणाला, "पीत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. केसपेपरवर त्यांनी दारूचा उल्लेख केला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह नंतर कोणी वाचलंच नाही. शाळेने त्याला 'सध्या येऊ नका' म्हणून सांगितलं. ते 'सध्या' कधी संपलं नाही.

आईने त्याला घरी आल्यावर समोर उभं केलं. "मना खरा सांग. तू पितंस का?" तो म्हणाला, "नाय." त्या एका शब्दाने आई खचली. हाच शब्द तिने वीस वर्षं ऐकला होता. दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी दारात उभी राहू लागली. नरेश आला की म्हणायची, "तोंड उघड." तिशी ओलांडलेला, एका मुलीचा बाप असलेला माझा भाऊ उंबऱ्याबाहेर चपला काढायचा, आईची उंची कमी म्हणून जरा खाली वाकायचा आणि तोंड उघडायचा. आई वास घ्यायची आणि बाजूला व्हायची. वास कधीच आला नाही. पण त्यामुळे तिची खात्री होण्याऐवजी संशयच वाढला, की हा काहीतरी खाऊन वास लपवतोय. मी हे एकदा पाहिलं. मला वाटलं, तो चिडेल, ओरडेल. तो मला फक्त एवढंच म्हणाला, "तिला झोप लागते ना त्याने, मग झालं."

पुढे तो रबाळ्याच्या एका कारखान्याच्या गोदामात कामाला लागला. माल चढवून घ्यायचा, नोंदी करायच्या. दुखणं येतच राहिलं, वर्षातून दोनदा, कधी तीनदा. दर वेळी वेगळं रुग्णालय आणि तोच प्रश्न. तिसऱ्या की चौथ्या वेळी मी त्याच्याबरोबर होते. तो खाटेवर कुशीवर वळून, पाय पोटाशी घेऊन पडला होता. ओठ पांढरे पडलेले. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची कधी घेतली?" नरेश डोळे न उघडता म्हणाला, "लिहा काय लिहायचं ते. पण इंजेक्शन द्या."

मी ते ऐकलं आणि मला वाटलं, आज कबूल झाला.

त्याच आठवड्यात मी वनिताला भेटले. ती अजूनही त्याच्या बाजूने होती. म्हणाली, "ताई, घरात मी राहते त्यांच्याबरोबर. मला कळलं नसतं का?" मी तिला म्हटलं, "आमच्या आईलाही सुरुवातीला कळत नव्हतं. माझ्या कानांनी ऐकलंय मी. मुलीचा विचार कर." एवढंच बोलले मी. त्या वेळी मला मी फार शहाणपणाचं बोलल्यासारखं वाटलं. दहा दिवसांनी वनिता मुलीला घेऊन माहेरी गेली. वर्ष होत आलं तरी आली नाही. त्या दिवसांत नरेशने एकदाही मला विचारलं नाही की तू तिला काय सांगितलंस. त्याला माहीत होतं. वनिता खोटं बोलत नाही आणि लपवतही नाही.

मग पुढच्या एका दुखण्यात त्याला एक डॉक्टर भेटली. नव्याने रुजू झालेली, तिशीची असेल. खाटेशेजारी स्टूल ओढून बसली आणि विचारलं, "पहिल्यांदा कधी दुखलं होतं आठवतंय?" नरेश म्हणाला, "पाचवीत असेन." ती लिहायची थांबली. "पाचवीत?" मग तिने आईला बोलावून विचारलं, मला विचारलं. कुठे दुखायचं, कसा बसायचा, किती दिवस टिकायचं. ओवा, जंताचं औषध, भिंतीचा कोपरा, सगळं आम्ही सांगितलं. सांगता सांगता मी अडखळले. इतकी वर्षं ही गोष्ट आमच्याकडेच पडून होती आणि कोणी मागितली नाही म्हणून आम्ही दिली नव्हती. तिने एमआरआयच्या मशीनमध्ये फक्त स्वादुपिंडातल्या नळ्यांचा फोटो काढायला सांगितला.

फोटो आल्यावर तिने कागदाच्या पाठीवर पेनाने आम्हाला स्वादुपिंड काढून दाखवलं. एका टोकाला जाड, दुसरीकडे निमुळतं. आई म्हणाली, "बोंबलासारखा दिसतंय." डॉक्टर हसली. "हो, थोडंसं. आता बघा आजी. बाळ पोटात असतं ना, तेव्हा हे दोन तुकड्यांत तयार होतं. एक लहान, एक मोठा. मग ते दोन्ही सरकत जवळ येतात, चिकटतात, आणि त्यांच्या आतल्या नळ्या जोडल्या जाऊन एक होते. सगळा रस मग एका मोठ्या तोंडातून आतड्यात जातो. यांचे तुकडे चिकटले, पण नळ्या जुळल्या नाहीत. त्यामुळे मोठ्या तुकड्याचा जवळजवळ सगळा रस या बारीक तोंडातून जातो. तिथे तुंबतो."

नरेशने विचारलं, "म्हणजे जन्मापासून?"

"जन्माच्या आधीपासून. अशी रचना बऱ्याच लोकांत असते. त्यांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, कळतही नाही. काही थोड्यांना होतो. हेच एकमेव कारण आहे असं मी सांगू शकत नाही. पण तुम्ही पीत नाही म्हणताय ना, त्यावर माझा विश्वास आहे."

नरेश चादरीची शिवण बोटाने सारखी करत राहिला. आईच बोलली. "माज्या पोटात असताना झाला ता?" डॉक्टरने लगेच तिचा हात धरला. म्हणाली, "आजी, तुम्ही काही खाल्लं, काही केलं म्हणून नाही झालं." आईने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. बाहेर बाकावर येऊन ती मला म्हणाली, "मी तेचा वास घेत होती…" आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

मी वनिताला फोन केला. काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी एवढंच म्हणाले, "माझं चुकलं गं. ये तू." ती म्हणाली, "ताई, मला खात्री होती. पण सगळेच सांगायला लागले की आपली खात्री पण दमते." दुसऱ्या दिवशी ती आली. नरेशच्या घशातून दुर्बीण घालून ते बारीक तोंड मोठं केलं, आत प्लास्टिकची छोटी नळी ठेवली. पुढे काही आठवड्यांनी ती काढली. या उपचारानेही कधीकधी सूज येते, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, असं डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. नरेशला गुण आला. जवळजवळ अडीच वर्षं.

त्या काळात एकदा तो मला गाडीतून घरी सोडायला येत होता. मी म्हटलं, "तो रिपोर्ट घेऊन मी तुझ्या जुन्या शाळेत जाते. त्यांना दाखवते." त्याने मान हलवली. "कशाला? बसवर आता दुसरा माणूस आहे. त्याला पण घर आहे." थोडं पुढे गेल्यावर मी धीर करून म्हणाले, "नरेश, वनिताला मी जे सांगितलं…" त्याने सिग्नलला गाडी थांबवली, गिअर काढला आणि समोर बघतच म्हणाला, "ताई, तू माझ्याकडे बघून नाही बोललीस ते. बाबांकडे बघून बोललीस. मी पण आरशात बघतो ना, मला पण तेच दिसतात." सिग्नल सुटला. माफी मागायची राहिली ती राहिलीच. त्याने मला ती मागूच दिली नाही, असं मी स्वतःला सांगते. पण खरं म्हणजे पुढच्या अडीच वर्षांत मला ती कधीही मागता आली असती.

वनिताचा तो फोन आला त्या गुरुवारी मी रुग्णालयात पोचले तेव्हा त्याला कॅज्युअल्टीत घेतलं होतं. हे रुग्णालय वेगळं होतं, रुग्णवाहिकेने जवळचं म्हणून आणलं होतं. वनिता फाइल आणायला घरी धावली होती. आई त्याच्या उशाशी उभी होती. नरेशचं पोट नगाऱ्यासारखं ताठ झालेलं, श्वास वरच्या वर. एक तरुण डॉक्टर फॉर्म भरत होता. नाव, वय, आधीचे आजार. मग त्याने सवयीने विचारलं, "दारू? किती घेतात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई बोलली. आई कधी परक्या माणसासमोर मोठ्याने बोलत नाही. "माजा पोर प्यायला नाय. कवाच नाय. तेच्या पोटानच्या दोन नळ्या जुळल्या नाय, माज्या पोटात होता तवापासून. तुमी तसा लिवा." डॉक्टरने मान वर केली. आई तशीच उभी होती, एक हात नरेशच्या केसांत. "लिवलास?" तिने विचारलं. तो म्हणाला, "हो आजी, लिहितो." नरेशचे डोळे मिटलेले होते, पण तो शुद्धीवर होता. त्याने ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी इथे सांगणार नाही, मला नीट सांगता येणार नाही. तासाभराने त्याला वर अतिदक्षता विभागात नेलं, दोन दिवसांनी नळी घालून यंत्रावर ठेवलं. तो पुन्हा बोलला नाही. या वेळी सुजेने स्वादुपिंडाचा बराच भाग मेला होता, त्यात जंतुसंसर्ग झाला, मग किडन्या, मग फुप्फुसं. डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली. पहिल्या आठवड्यात त्याच्या पायांना हात लावला की बोटं हलायची… नंतर नंतर तीही हलेनाशी झाली.

रुग्णालयातून शेवटी जो कागदांचा जुडगा मिळतो, त्यात वरच चार पानांचा इंग्रजी सारांश आहे. दिवसकार्यं झाली तरी गावातल्या बायका आईला भेटायला येत राहिल्या. जमिनीवर बसतात, पदर डोळ्यांना लावतात आणि मग कोणीतरी हळूच विचारतं, "झाला काय व्हता गो नेमका?" आई लिहायला-वाचायला शिकलेली नाही. ती उठते, कपाटातल्या साड्यांच्या घडीखालून ते कागद काढते आणि मी असले तर माझ्या हातात देते. "वाच," म्हणते.

मी वाचते. इंग्रजी वाक्य आधी, मग मराठीतून. स्वादुपिंडाच्या नळ्यांची जन्मजात वेगळी रचना. वारंवार सूज. मद्यपानाचा इतिहास नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, एवढं पुरे. मी कागद मिटायला लागले, तर आई म्हणाली, "खालचा पन वाच." खाली, बारीक अक्षरांत, एक ओळ आहे. ही माहिती कोणी दिली ते त्यात लिहिलेलं असतं.

'माहिती देणारी व्यक्ती : रुग्णाची आई.'

आता जी कोणी येते तिच्यासमोर मी ते सगळं वाचते. घाई न करता, बाहेर ओटीवर बसलेल्या पुरुषांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.